कपाटाच्या आरशातलं ऊन

समोरच्या सरकारी कार्यालयाने स्वतःच्या डोक्यावर तिसरा मजला चढवला आणि ताईच्या घरातलं आठ वाजताचं ऊन गेलं. चोरी म्हणावी तर चोर समोरच उभा, आणि तक्रार नोंदवायची खिडकीही त्याच्याच पोटात. ऊन गेल्याची तक्रार कुठल्या रकान्यात लिहायची, हा प्रश्न निराळाच.

ऊन गेलं म्हणून कुणाचं काही अडत नाही, असं शेजाऱ्यांचं मत होतं. पण आईचं अडलं होतं. रोज सकाळी आठला खिडकीजवळच्या खुर्चीत बाबा पेपर घेऊन बसत, समोरच्या स्टुलावर आई विणत बसे, आणि ऊन बाबांच्या पायांवरून मांडीवर चढेपर्यंत दोघांचं कशावरून तरी एक भांडण पूर्ण होत असे. बाबा गेले त्याला आठ महिने झाले होते. मजला पुरा झाला त्याला तीन. आई आता पुढच्या खोलीत येतच नसे. स्वयंपाकघरात ओट्याशी स्टूल टाकून बसायची आणि म्हणायची, "गार पडतं गं तिकडे." एके दिवशी तिने पलंगाखालची निळी बॅग काढून झटकली.

"धाकट्याकडे जाते," ती म्हणाली. "त्याच्या गॅलरीत ऊन येतं म्हणे."

"कायमची?"

"ऊन असेल तोवर."

धाकटा, म्हणजे ताईचा भाऊ, महिनाअखेरच्या शुक्रवारी न्यायला येणार असं ठरलंही. ताईने कारणाला कारण विचारलं नाही. तिच्या हातात तीन आठवडे होते आणि डोक्यात काहीच नव्हतं.

तेव्हा तिला बाबांची वही सापडली.

बाबा गणिताचे मास्तर. गल्लीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी नापास केलं होतं आणि उरलेल्यांचा प्रत्येकी अर्धा मार्क कापला होता. समीकरण सोडवून पोरगं विजयी मुद्रेने उभं राहिलं की ते लाल पेन टेकवून विचारत, "दुसरं उत्तर?" आणि अर्धा मार्क जाई. ताई त्यांच्याच वर्गात होती. तिचे इतके अर्धे मार्क गेले होते, की ते सगळे जोडले असते तर ती इंजिनियर झाली असती. तसं न झाल्यामुळे ती एका छापखान्यात मुद्रितशोधक होती आणि दिवसभर दुसऱ्यांच्या चुका पकडत असे. या कामाने माणसाला एक प्रकारचा रुबाब येतो. पुढे जे झालं त्यात त्याचाच बळी गेला.

वहीत बाबांनी नवा मजला चढत असतानाच सगळा बेत मांडून ठेवला होता. कोनमापकाला दोरा आणि दोऱ्याला नट बांधून ते महिनाभर खिडकीतून काय मोजत होते, ते आता कळलं. गल्लीच्या टोकाला कार्यालयाच्या दप्तरखान्याची कोरी भिंत होती, तोंड दक्षिणेला. तिच्या वरच्या पट्ट्यावर अजून ऊन पडत होतं. तिथे आरसा लावला, इतका खाली वाकवला, इतका बाजूला वळवला, की ऊन त्यावरून उडी मारून थेट खिडकीत. हिशेब सोपा व्हावा म्हणून त्यांनी सूर्याला बरोबर सहाला उगवायला आणि सहाला मावळायला लावलं होतं. चाळीस वर्षं पोरांना वेळेवर वर्गात आणणाऱ्या माणसाला सूर्य काय जड. बारा तासांत अर्धं वर्तुळ, तासाला पंधरा अंश. सूर्य आपल्या दुपारच्या उंचीच्या निम्म्यावर आला, की काम होणार. शेवटची ओळ होती, साइन थीटा बरोबर एक भागिले दोन. पुढे पान कोरं.

एवढं तर ताईलाही येत होतं. तिने पेन घेऊन लिहिलं, थीटा बरोबर तीस. तीस अंश म्हणजे दोन तास. सहा आणि दोन आठ. आठ वाजता. तिने वही मिटली आणि बऱ्याच दिवसांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आरसा घरातच होता, आईच्या लाकडी कपाटाच्या दाराचा. आई अलीकडे त्यात बघत नसे. "घेऊन जा," ती म्हणाली, "मला पाठ आहे मी कशी दिसते."

भिंत कार्यालयाची, म्हणून परवानगी कार्यालयाची. नोंदणीच्या खिडकीत एक बाई बसत. स्वेटरवर शाल, शालीवर मफलर आणि त्याच्या वर डोळे. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"आरसा घरात लावणार असाल तर ते फर्निचर. बाहेर लावलात तर फलक. जाहिरात फलकाचा फॉर्म भरा."

"पण मी कशाचीच जाहिरात करत नाहीये."

"ते तुम्ही ठरवायचं नसतं. 'जाहिरातीचा मजकूर' हा रकाना रिकामा चालत नाही."

ताईने विचार करून लिहिलं, 'समोर जे असेल ते'. बाईंनी ते वाचून मान हलवली. इतका प्रामाणिक मजकूर त्या खिडकीत बहुधा प्रथमच आला होता. 'परिणामाची वेळ' या रकान्यात ताईने लिहिलं, सकाळी आठ. तीस दिवसांची तात्पुरती परवानगी मिळाली. कायमचीसाठी साहेबांपुढे सुनावणी.

ही बातमी गल्लीत पसरायला जिना उतरण्याइतका वेळ लागला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर खाली आले. त्यांना भरघोस मिशी होती आणि प्रत्येक विषयावर मत होतं. मत देताना ते मिशीच्या एका टोकाला पीळ देत, आणि ते विरोधी असेल तर दुसऱ्या.

"आरशाऐवजी पत्रा लाव. पत्रा फुटत नाही."

"पत्र्यात ऊन दिसत नाही, काका."

"दिसत नसेल. लागतं तर खरं."

खालचा सलूनवाला म्हणाला, "ताई, आरशातलं आम्हाला विचारा. आमचं अख्खं आयुष्य आरशासमोर गेलं." त्याने सल्ला मात्र दिला नाही. ही सभ्यता त्याला चार दिवसांत महागात पडली.

आरसा चढवायला काचवाला आला. मोजून बोलणारा, आणि बोललेलं मोजणारा माणूस. ताईने वहीतून खाली वाकवायचा कोन काढला. बाबांनी मांडलं होतं, उणे दोन एक्स मोठा उणे चोवीसपेक्षा. ताईने दोन्हीकडे उणे दोनने भागलं. एक्स मोठा बारापेक्षा. ऋण संख्येने भागलं की मोठ्याचं चिन्ह उलटून लहान होतं, हे बाबा वर्गात स्वतः गर्रकन पाठ फिरवून दाखवत. त्या दिवशी ताई बहुधा खिडकीबाहेर बघत होती. तिने काचवाल्याला सांगितलं, "बारापेक्षा जास्त." काचवाला उदार माणूस. त्याने अठरा दिले.

दुसऱ्या दिवशी पावणेआठला आई हो-नाही करत खुर्चीमागे येऊन उभी राहिली. आठ वाजले. ऊन आलं. पण ते घराच्या खालून आलं.

ते गेलं सरळ सलूनमध्ये. तिथे समोर आरसा, मागे आरसा, आणि मधल्या खुर्चीत पोस्टमास्तर, मिशी कोरून घ्यायला बसलेले. ऊन पुढच्या आरशावरून मागच्यावर आणि मागच्यावरून पुढच्यावर असं इतक्या वेळा येऊन-जाऊन करू लागलं, की आतल्या आत सात-आठ सूर्य उगवले. सलूनवाल्याने डोळे मिटले. हात मात्र सवयीने चालू राहिला.

ऊन ओसरलं तेव्हा पोस्टमास्तरांची डावी मिशी जागच्या जागी होती. उजवी एप्रनवर होती.

ते तसेच वर आले. ताईने दार उघडलं.

"पत्रा," पोस्टमास्तर म्हणाले, आणि सवयीने उजव्या टोकाला पीळ द्यायला हात नेला. तिथे काहीच नव्हतं. हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला.

स्वयंपाकघरातून एक आवाज आला. ताईला वाटलं, पातेलं पडलं. आई हसत होती. आठ महिन्यांनी ती हसली, आणि तेही एका सज्जन माणसाच्या नुकसानावर. पण ताईने ते मनातल्या मनात जमेस धरलं. उरलेल्या मिशीचं काय करायचं यावर पोस्टमास्तरांनी आठवडाभर विचार केला. काढली तर दोन्ही गेल्या आणि ठेवली तर एकीचं हसं, असा तो पेच होता. ते तसेच फिरत राहिले आणि ओळखीच्यांना फक्त डावी बाजू दाखवत राहिले.

ताईने चिन्ह उलटं केलं. बारापेक्षा कमी; अकरा. आता प्रश्न बाजूचा. बाबांनी दोन उभ्या रेघांच्या मध्ये एक्स वजा चाळीस लिहून, ते दोनपेक्षा जास्त नको, असं म्हटलं होतं. या उभ्या रेघांना गणितात केवल मूल्य म्हणतात. किती चुकलं एवढंच ते सांगतं, डावीकडे चुकलं की उजवीकडे ते विचारत नाही. "नातेवाइकांनी शिकावं असं एवढं एकच चिन्ह आहे," असं बाबा म्हणत. म्हणजे चाळीस अंश, फार तर दोन इकडे नाहीतर दोन तिकडे. पण काचवाल्यासाठी सुबक अक्षरात नक्कल करताना ताईच्या मुद्रितशोधक नजरेला त्या दोन उभ्या रेघा खटकल्या. वीस वर्षं तिने छापील पानांवरच्या असल्या फालतू रेघा खोडल्या होत्या. तिने त्या सफाईने गाळल्या. उरलं, एक्स वजा चाळीस, दोनपेक्षा जास्त नको.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता घर काळोखात होतं, आणि पाच घरं पलीकडे दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात लख्ख उजेड पडला होता. काचवाल्याला बोलावलं.

"चाळीस सांगितले होते. किती ठेवलात?"

"वीस."

"वीस?"

"वीस वजा चाळीस किती, ताई? उणे वीस. तुम्ही लिहिलंय, दोनपेक्षा जास्त नको. उणे वीस दोनपेक्षा कमीच आहे ना? मी तर तुमच्या मर्यादेच्या बावीस अंश आत आहे." त्याने चिठ्ठी तिच्यापुढे धरली. "अक्षर छान आहे तुमचं."

छापखान्यात ज्या बाईने मालकालाही कधी एका स्वल्पविरामाची सूट दिली नव्हती, तिला त्या क्षणी चिठ्ठी खाऊन टाकावीशी वाटली. तेवढ्यात दातांचे डॉक्टर आले. ते भांडायला आले असतील म्हणून ताईने चेहरा तयार ठेवला. डॉक्टर हात जोडून उभे राहिले.

"सोळा वर्षांत पहिल्यांदा मला अक्कलदाढ अशी स्पष्ट दिसली. पेशंटही दिपला, हललाच नाही. हे रोज आठला जमेल का?"

त्यांना नाही म्हणताना ताईला वाईट वाटलं. माणसाला ऊन लागतं ते निरनिराळ्या कामांसाठी, एवढं तिला तेव्हा समजलं.

तिसऱ्या खेपेला तिने रेघा जिथल्या तिथे ठेवल्या. काचवाल्याने त्या बोटाने दाबून पाहिल्या आणि चाळीस अंशांवर स्क्रू आवळले. दुसऱ्या दिवशी पावणेआठला खिडकीच्या चौकटीवर एक पिवळी रेघ आली. ती रुंद झाली, आत उतरली, फरशीवरून चालत आली आणि बाबांच्या खुर्चीच्या पायाशी थांबली. बरोबर आठला ती बैठकीवर होती. सव्वाआठला गेली. आठाच्या अलीकडे पाव तास, पलीकडे पाव तास.

आई विणकाम घेऊन आली. स्टूल ओढलं. मग स्टूल मागे सारलं आणि खुर्चीत बसली. ताई काहीतरी आणायला म्हणून आत गेली, आणि काय आणायचं ते न आठवल्यामुळे बराच वेळ आतच राहिली.

पण निळी बॅग पलंगाखाली परत गेली नाही. "अर्ध्या तासाचं तर ऊन," आई म्हणाली. "उरलेल्या दिवसाचं काय करू? धाकट्याला शब्द दिलाय." बॅगेत दोन साड्या आणि चष्म्याचं घर जाऊन बसलं. शुक्रवारला पाच दिवस होते.

आणि सोमवारी नोटीस आली. 'आपण उभारलेल्या फलकामुळे दररोज दुपारी चार वाजता या कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर प्रकाशाचे अतिक्रमण होत असून फलक का उतरवू नये, याचा खुलासा बुधवारी साडेतीन वाजता समक्ष करावा.'

"चार?" ताई म्हणाली. "आपण तर आठ लिहिलंय."

"घड्याळ चुकीचं असेल त्यांचं," पोस्टमास्तर म्हणाले. उरलेल्या मिशीला पीळ देत ते स्वतःहून सोबत निघाले. कार्यालयात पाय ठेवायची त्यांना हौस होती, आणि जाताना समोरून येणाऱ्यांना बरोबर डावी बाजू पडत होती.

साहेब चष्म्याआडचे, कमी बोलणारे. त्यांचं टेबल खिडकीला पाठ करून नव्हतं, तोंड करून होतं. ताईने खुलासा सुरू केला. सूर्य, भिंत, आरसा, आठ वाजता. पावणेचारला तिला जाणवलं की आपलं कुणी ऐकत नाहीये. नोंदणीच्या बाईंनी खुर्ची तीन फूट सरकवून भिंतीशी नेली आणि मफलर सोडला. शिपायाने ओल आलेल्या फायली खिडकीखाली उघडून मांडल्या. कुणीतरी कोपऱ्यातली कुंडी फरशीच्या मधोमध आणून ठेवली. सगळं इतक्या सरावाने झालं, की ताईने खुलासा अर्ध्यावरच सोडला.

खिडकीच्या चौकटीवर एक पिवळी रेघ आली. ती रुंद झाली आणि आत उतरली. नोंदणीच्या बाईंनी चपला काढून पाय त्यात ठेवले. मफलरच्या आत त्यांना चेहराही होता, आणि तो हसरा होता. चार वाजता ऊन साहेबांच्या नाकावर होतं.

"हे," साहेब डोळे मिटून म्हणाले, "काय आहे?"

"मला माहीत नाही," ताई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "हिशेबात आठच येतं. ही वही बघा."

साहेबांनी वही घेतली. पहिलं पान पाहिलं आणि परत तिच्याकडे पाहिलं, या खेपेला नीट. मग सावकाश एकेक पान उलटत शेवटच्या ओळीपर्यंत आले. तिथे बाबांचं अक्षर संपून ताईचं सुरू होत होतं. तिथे ते थांबले. मग त्यांनी ताईचा अर्ज पुढे ओढला, खण उघडून लाल पेन काढलं, 'परिणामाची वेळ' या रकान्याशी काहीतरी लिहिलं आणि कागद तिच्याकडे सरकवला.

'दुसरे उत्तर? वजा ½.'

ताईने चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता.

"माझा दोनदा कापलाय त्यांनी," साहेब म्हणाले. "याच गणितात. दहावीला एकदा, आणि मी पुन्हा बसलो तेव्हा एकदा."

ताईने पेन घेतलं. निम्मी उंची सूर्याला दिवसातून दोनदा गाठावी लागते. एकदा चढताना, एकदा उतरताना. तीस, आणि एकशे ऐंशीतून तीस गेले, एकशे पन्नास. एकशे पन्नास भागिले पंधरा, दहा तास. सहा आणि दहा. सकाळचं ऊन आरशावरून गल्लीच्या एका बाजूला जातं, तर दुपारचं तितकंच दुसऱ्या बाजूला जाणार. समोरासमोरच्या दोन खिडक्या. बाबांनी पान कोरं सोडलं होतं, कारण त्यांच्या लेखी गणित सुटलेलंच नव्हतं.

तिने लिहिलं, 'आणि दुपारी चार, आपल्या कार्यालयात.'

"आता अर्ज पूर्ण झाला," साहेब म्हणाले. "अपूर्ण अर्जावर मी सही करत नाही." त्यांनी सही केली. मग त्यांनी आणि शिपायाने मिळून साहेबांचं टेबल हातभर डावीकडे सरकवलं. हा निर्णय इतक्या दिवसांत कुणालाही सुचला नव्हता, कारण टेबल सरकवण्याचा फॉर्म निराळा होता.

जिन्यात पोस्टमास्तर म्हणाले, "तुझा अर्धा मार्क गेला. माझी अर्धी मिशी. तुझ्या बाबांनी फिटंफाट केली म्हणायची."

घरी येऊन ताईने आईला सगळं सांगितलं. आईने विणता विणता ऐकून घेतलं. तिला गणितात गम्य नव्हतं, पण चाळीस वर्षं मास्तरांशी भांडल्यामुळे तर्क पक्का होता.

"म्हणजे दोन्ही उत्तरं बरोबर?"

"हो."

"मग आपण एकच का वापरतोय?"

शुक्रवारी दुपारी चारला धाकटा आला. घाम पुसत आत शिरला आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून थबकला.

"आई कुठाय?"

"ऑफिसला गेलीये," ताई म्हणाली.

"कुठल्या ऑफिसला?"

"समोरच्या. दोन दिवस झाले."

धाकट्याने बहिणीकडे काळजीने पाहिलं. मग वाकून पलंगाखाली पाहिलं. "आणि बॅग? बॅग भरून ठेवते म्हणाली होती."

"तीच घेऊन गेलीये. लोकर, उशी आणि चष्मा. नोंदणीच्या बाईंना उलटे टाके शिकवतेय. सोबत पोस्टमास्तरही आहेत, त्यांना साहेबांना पत्र्याचं सांगायचंय."

ताईने त्याला दंडाला धरून खिडकीशी नेलं. गल्लीपलीकडच्या खिडकीत आई बसली होती, मांडीवर ऊन आणि उन्हात लोकर. एका बाजूला मफलर सोडलेल्या बाई, दुसऱ्या बाजूला पोस्टमास्तरांची डावी बाजू. पायाशी निळी बॅग उघडी पडली होती. आईने मान वर केली, मुलाला ओळखलं, आणि सुया न सोडता हवेत एक बोट आणि त्याला चिकटून आणखी पाव बोट, अशी काहीतरी खूण केली.

"काय म्हणतेय?" धाकट्याने विचारलं.

"सव्वाचारला येते म्हणतेय," ताई म्हणाली. "तोवर बस. त्या खुर्चीत नको, स्टुलावर. खुर्चीत ती बसते."